जळगावाहून पिंपळनेरास

खानदेशात पाहण्यासारखे काय आहे, असा प्रश्न पुण्याकडील सोयरेमंडळी आम्हांस वारंवार विचारतात. अजिंठ्याची लेणी पाहावयास निघालेला प्रवासी जळगावच्या स्थानकावर उतरतो, परंतु जळगाव पाहत नाही. परतताना भरताची वांगी आणि केळ्यांची एखादी फणी पिशवीत पडली, की त्याच्या लेखी खानदेश संपला. यात सर्वस्वी त्याचाच दोष आहे असेही नाही. आमच्या प्रांतास समुद्र नाही. तोरणमाळ आहे, पण ते एका टोकास. आणि वैशाखातील ऊन तर असे, की पाहुणाच काय, घरचे मांजरही दुपारी ओसरीवर दिसत नाही. तथापि गेल्या कार्तिकात आम्ही सहकुटुंब जळगावाहून धुळ्यास व तेथून साक्रीवरून पिंपळनेरास गेलो, त्या प्रवासाची हकीकत वाचकांपुढे ठेवावी असे मनात आले. त्या वाटेच्या शेवटाशी एक गाव आहे. काही वर्षांपूर्वी त्याचे नाव साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत आले होते. आता ते कोणी घेत नाही.

एस. टी. मोटारीत बसल्यावर खानदेशात पहिला प्रश्न होतो तो नावाचा नव्हे, गावाचा. शेजारी टेकलेली म्हातारी पदर सावरून विचारते, "कोणता गावना शेतस तुम्ही?" ही अहिराणी बोली ज्यांच्या कानावर कधी पडली नसेल त्यांस ती अर्धी मराठी व अर्धी गुजराती वाटते, आणि तसे वाटणे अगदीच चुकीचे नाही. आपण गाव सांगितले, की म्हातारी क्षणभर विचार करते, आणि त्या गावी आपली मावसबहीण दिलेली असल्याचे तिला आठवते. मावसबहीण नसेल तर नणंदेची जाऊ असते. कोणीच नसेल, तर त्या गावाच्या यात्रेस ती लहानपणी गेलेली असते. मिळून काय, प्रश्न विचारणारा उत्तर घेतल्यावाचून आणि उत्तरातून काही नाते काढल्यावाचून राहत नाही. पुण्यामुंबईकडे या चौकशीस भोचकपणा म्हणतात. आम्हांस चाळीस वर्षांत ती कधी जाचली नाही.

या चौकशीचे कारण आमच्या मते प्रांताच्या इतिहासात आहे. खानदेश हा आलेल्यांचा मुलूख आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुंडावे, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी हा प्रांत इतका उजाड झाला होता, की १८१८ साली तो इंग्रजांच्या हाती गेला तेव्हा शेकडो गावे ओस पडलेली होती व काळ्या जमिनीत झाडी माजली होती. मग लोक येत गेले. गुजर आले, मारवाडी आले, बंजाऱ्यांचे तांडे स्थिरावले, परदेशी म्हणविणारी उत्तरेकडील कुटुंबे राहिली. आमच्या लेवा पाटीदार मंडळींत, आपले पूर्वज गुजरातेतून आले, ही समजूत आजही घरोघर सांगतात. १८६० नंतर लोहमार्ग झाला, अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसास सोन्याचा भाव आला, आणि तोवर एक सामान्य कसबा असलेले जळगाव मोठी बाजारपेठ होऊन बसले. भुसावळ तर लोहमार्गानेच वाढविले. आज जळगावची सुवर्णपेठ ज्यांच्या नावावर चालते, डाळीच्या गिरण्या ज्यांच्या आहेत, त्यांतील कित्येकांची मुळे राजस्थानात आहेत. आम्ही ज्या वर्गात इतिहास शिकवीत असू, त्यातील पन्नास मुलांपैकी दहांचे पणजोबादेखील या मातीत जन्मलेले नसत. आणि तरी ती सर्व मुले मधल्या सुटीत अहिराणीतच भांडत.

जळगाव ते धुळे हे अंतर सुमारे ९० किलोमीटर. पाळधी मागे पडले की एरंडोल येते. येथील पांडववाड्यामुळे त्यास एकचक्रानगरी म्हणण्याचा परिपाठ आहे, आणि भीमाने बकासुर मारल्याची कथा येथले लोक मोठ्या हौसेने सांगतात. त्या कथेचा एक भाग सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. लाक्षागृहातून निसटलेले पांडव त्या नगरीत अनोळखी ब्राह्मणवेषाने, भिक्षा मागून राहिले होते. कोणी कोठले, याचा पत्ता नसताना एका गृहस्थाने त्यांस घरात थारा दिला होता, आणि पुढे गावावरचे संकट टळले ते त्या भिक्षेकऱ्यांमुळेच. आमच्या कुटुंबाने मोटारीतूनच हात जोडले. पुढे पारोळ्याचा भुईकोट किल्ला, नंतर दोन्ही बाजूंस कापसाची वेचणी, आणि दोन तासांच्या आतबाहेर धुळे.

धुळे हे शहर आम्हांस फार आवडते, हे सांगावयास हरकत नाही. पांझरेच्या काठी कॅप्टन ब्रिग्ज याने सरळ रुंद रस्ते आखून आणि बाहेरून व्यापारी-कारागीर आणवून ते वाढविले. येथील कारागृहात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि सानेगुरुजींनी ती उतरून घेतली, हे वाचकांस ठाऊकच आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांचा देह ३१ डिसेंबर १९२६ रोजी येथेच पडला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आम्ही दर खेपेस पाहतो. जुन्या कागदांचे ते रुमाल पाहताना मनात येते, की हा मनुष्य उभ्या महाराष्ट्रात गावोगाव हिंडला. दारात अनोळखी गृहस्थ उभा, आणि मागतो काय, तर घरातील जुनी दप्तरे! कित्येकांनी त्यांस दारातून परत लावले. वतन बुडवावयास आलेला कोणी असावा, अशी शंका घेतली. परंतु कोणी त्यांच्या अंगावर धावून गेल्याचे आमच्या वाचनात नाही.

धुळ्याचे कुमारनगर आणि जळगावची सिंधी कॉलनी या दोन्ही वसाहती फाळणीनंतरच्या. १९४७-४८ साली सिंधमधून नेसत्या वस्त्रानिशी आलेली कुटुंबे येथे राहिली. त्यांस अहिराणी येत नव्हती आणि येथल्यांस सिंधी. प्रथम कुरबुर झाली असेल, बाजारपेठेत नवा दुकानदार कोणासच आवडत नाही. पण ती कुटुंबे राहिली, वाढली, आणि आज त्यांस बाहेरचे म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. याच शहरावरून जाणाऱ्या आग्रा रोडवर २०२० च्या मे महिन्यात आम्ही काय पाहिले ते विसरणे शक्य नाही. मुंबईहून निघालेले मजूर, डोक्यावर बोचकी, कडेवर मुले, शिरपूरच्या पुढे मध्यप्रदेशच्या सीमेकडे पायी, सायकलींवर, मालमोटारींवर चाललेले. साथीचे दिवस, माणूस माणसास भीत होता. तरी रस्त्याकडेच्या गावांतून लोक पाणी, भाकरी, केळी घेऊन उभे होते. मग त्याच जिल्ह्यात त्याच्या दोनच वर्षे आधी जे घडले ते कसे घडले, हा प्रश्न आमच्यापुढे तेव्हापासून उभा आहे. आणि पिंपळनेरास जाण्याचे खरे प्रयोजन तेच होते. आमचा एक जुना विद्यार्थी तिकडे शिक्षक आहे. तो कित्येक दिवस बोलावीत होता.

धुळ्याहून कुसुंबे, नेर, साक्री असा रस्ता. साक्रीपासून पिंपळनेरकडे वळले, की काळी सपाटी सरू लागते आणि सह्याद्रीच्या शाखा जवळ येतात. कार्तिकात भात कापून झालेला असतो, नागलीची कणसे खळ्यावर आलेली असतात. येथून पुढे पाडे लागतात. भिल्ल, कोकणा, मावची असे आदिवासी लोक. पांझरेचा उगम याच डोंगरांत आहे. इंग्रजी अमदानीच्या आरंभी भिल्ल या शब्दाचा अर्थ सरकारी कागदांत चोर असाच जवळजवळ होता. त्यांस डोंगरांतून हुसकले, कित्येकांस मारले, आणि ते साधेना तेव्हा १८२५ साली औट्रम साहेबाने धरणगावास त्यांचीच पलटण उभारली. पुढे १८७१ साली तर एक कायदाच झाला, की अमुक जातीत जन्मला तो जन्मतः गुन्हेगार. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, म्हणजे देशास स्वातंत्र्य मिळाल्यावर पाच वर्षांनी. ज्यांच्यावर पिढ्यानुपिढ्या संशय घेतला गेला त्यांचा मुलूख तो हा, एवढे वाचकांनी पुढील मजकूर वाचताना ध्यानात ठेवावे.

पिंपळनेरास आमच्या विद्यार्थ्याने घरी जेवण केले होते. जेवणानंतर तो आपण होऊन म्हणाला, "गुरुजी, राईनपाड्यास जायचे ना? जाऊ. पण तेथे कोणास काही विचारू नका." आम्ही विचारणार नव्हतोच.

१ जुलै २०१८, रविवार. साक्री तालुक्यातील राईनपाड्याचा आठवडेबाजार भरला होता. एस. टी.तून काही परके पुरुष उतरले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे भिक्षेकरी होते. त्यांतील एकजण एका लहान मुलीशी बोलत असल्याचे कोणी पाहिले, असे नंतरच्या वृत्तांत आले. मुले पळविणारी टोळी हीच, अशी हाकाटी झाली. बाजाराचा समुदाय जमला. त्यांस मारीत ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेले, खोलीत कोंडले आणि पाचही जणांचा प्राण जाईपर्यंत मारले. थोडे पोलीस आले, त्यांसही मार बसला. काहीजण हे सर्व दूरध्वनीच्या कॅमेऱ्याने टिपीत होते, आणि ती चित्रे त्याच दिवशी देशभर गेली. त्या पाचांचे म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही. कोण्या गावचे, हा प्रश्न त्यांसही झालाच असेल. उत्तरासाठी कोणी थांबले नाही, एवढेच.

त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्याचे होते. मंगळवेढे! हे नाव ऐकून कोणत्या मराठी घरात दामाजीपंतांची आठवण होणार नाही? दुष्काळात बादशहाचे धान्याचे कोठार उघडून त्यांनी भुकेल्यांस लुटविले. कोठले कोण, कोणत्या जातीचे, हे विचारले नाही. त्याच गावी वेशीचे बांधकाम कोसळून चोखोबा गेले. त्या भूमीतील माणसे भाकरीसाठी आमच्या खानदेशात आली होती. आषाढी एकादशी २३ जुलैस होती. म्हणजे पंढरपूरच्या शेजारची ही माणसे, वारीचे दिवस तोंडावर असताना येथे गेली.

डवरी गोसावी हे काही नवे लोक नव्हेत. डौर नावाचे लहानसे वाद्य वाजवून, भैरवनाथाची आणि नाथांची गाणी म्हणून भिक्षा मागणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. शेतीची कामे नसतात त्या दिवसांत ही कुटुंबे वाट ठरवून निघतात, गावाबाहेर पाले ठोकतात, चार घरे मागतात आणि पुढे जातात. सरकारने त्यांची गणना भटक्या जमातींत केली आहे. आमच्या वाचकांस हेही सांगावयास नको, की निवृत्तिनाथ हे गहिनीनाथांचे शिष्य, आणि ज्ञानेश्वरी ज्या परंपरेतून आली ती नाथांचीच. ज्यांच्या पंजोबांनी पाच घरची माधुकरी मागून वेदाध्ययन केले, किंवा ज्यांच्या आजोबांनी वार लावून मॅट्रिकपर्यंत मजल मारली, त्या घरांनी तरी भिक्षेकऱ्याकडे पाहून नाक मुरडू नये. परंतु आता शहरांतील आमच्या इमारतींच्या फाटकावर पहारेकरी बसवून पहिली पाटी लावलेली असते, ती फेरीवाले व भिक्षेकरी यांस मज्जाव असल्याची. राईनपाड्यास नावे ठेवताना आम्हांस ती पाटी आठवते.

वदंता कोठून आली, हेही सांगितले पाहिजे. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात व्हॉट्सअ‍ॅपवरून एक चित्रफीत सर्वत्र फिरत होती. मोटारसायकलवरून आलेले दोघे खेळत्या मुलास उचलून नेतात, एवढाच तीत देखावा. मूळ फीत कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी लोकांस सावध करण्यासाठी केलेली होती, आणि तिच्या शेवटी ते मूल सुखरूप परत आणून सोडलेले दाखविले होते. तो शेवट कोणी कापून टाकला. दुसऱ्या एका चित्रात लहान मुलांची प्रेते ओळीने मांडलेली होती. ती वस्तुतः २०१३ साली सिरियात विषारी वायूने मेलेली मुले. खाली मराठीत लिहिले, की ही टोळी आपल्या भागात आली आहे, सावध राहा, पुढे पाठवा. हा मजकूर पाड्यावरील माणसाने लिहिला नाही. तो कोणत्यातरी लिहित्यावाचत्या माणसाने लिहिला, आणि ज्यांस तो प्रथम पोचला त्या शहरांतील सुशिक्षितांनी काळजीपोटी, पुण्यकर्म समजून, पुढे ढकलला. आमच्या निवृत्त स्नेह्यांच्या समूहावरही तो आला होता. तिघाचौघांनी त्याखाली हात जोडल्याची चित्रे लावली होती. लेकीसुनांच्या काळजीने आलेला निरोप खोटा असेल असे कोणास वाटत नाही, हेच त्याचे बळ. ८ जून २०१८ रोजी वैजापूर तालुक्यातील चांडगावास दोघांचा असाच प्राण गेला होता. तो इशारा पुरेसा व्हावयास हवा होता. राईनपाड्यानंतर त्या कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पाठविता येऊ नये अशी मर्यादा घातली.

त्याच १ जुलैच्या रात्री मालेगावात काय झाले ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. मालेगाव धुळ्यापासून तासाभराच्या वाटेवर. परभणीकडचे एक कुटुंब, त्यात दोन वर्षांचे मूल, त्याच संशयावरून जमावाच्या हाती सापडले. त्या मोहल्ल्यातील एका रहिवाशाने त्यांस आपल्या घरात घेतले आणि दार लावले. बाहेर जमाव वाढत गेला. पोलीस आले, त्यांच्या गाडीची नासधूस झाली, पण त्या माणसांस सुखरूप बाहेर काढण्यात आले. राईनपाडा आणि मालेगाव यांत एकाच दाराचा फरक होता, असे आम्ही समजतो. तेथे जमावात शहाणे कोणी नव्हते असे नाही. दार लावून घेणारा कोणी वेळेवर निघाला नाही.

हे लिहिताना आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरची एक गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. ३० जानेवारी १९४८ च्या अघोर कृत्यानंतर सातारा, सांगली, कोल्हापूर या बाजूंस ब्राह्मणांची घरे आडनाव पाहून जाळली गेली. खुनी कोण, हे साऱ्या देशास ठाऊक होते. पण जमावास आडनाव पुरले. पिढ्यानुपिढ्या ज्या गावी राहिलो तेथे आपण एका रात्रीत परके ठरलो, हा अनुभव त्या कुटुंबांनी घेतला आहे. कित्येक गाव सोडून पुण्यामुंबईस गेले ते परतले नाहीत. आणि ज्या घरांतील माणसे वाचली, ती बहुधा कोणा मराठा वा मुसलमान शेजाऱ्याने कणगीमागे, गोठ्यात लपविली म्हणून वाचली, हेही त्याच घरांत सांगतात. स्वतंत्र झालेल्या देशाच्या पहिल्याच हिवाळ्यात हे घडले. ज्यांच्या घरी ही आठवण आहे त्यांनी राईनपाड्याची बातमी केवळ आदिवासींच्या अडाणीपणाची गोष्ट म्हणून वाचणे आम्हांस योग्य वाटत नाही.

अडाणीपणा म्हणावे तर २००८ साली नाशिकसारख्या सुशिक्षित शहरी काय झाले? त्या फेब्रुवारीत उत्तरेकडील मजुरांवर हल्ले झाले, आणि हजारो माणसे गाड्या भरभरून परत गेली. त्या गाड्या जळगावावरूनच जातात. फलाटावर पाणी भरून घेण्यास उतरलेल्या एका तरुणास आम्ही विचारले, कोठे चाललास? तो म्हणाला, "घर." कोणते गाव, हे त्याने सांगितले नाही. गाव सांगण्याचेच त्यास भय बसले होते.

त्याच वर्षी मे महिन्यात दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळील अलेक्झांड्रा या वस्तीत असाच वणवा पेटला. तो देश १९९४ साली वर्णद्वेषी राजवटीतून मुक्त झाला. त्या लढ्यात मोझांबिक, झिंबाब्वे आदि शेजाऱ्यांनी त्यांच्या लोकांस आश्रय दिला होता. आणि मुक्ततेस चौदा वर्षे होतात न होतात तोच, त्याच शेजारदेशांतून पोटासाठी आलेल्या माणसांस तेथील गरीब वस्त्यांतून हुसकून लावले, झोपड्या जाळल्या. माणूस परका की आपला हे ठरवावयास, कोपरास झुलू भाषेत काय म्हणतात, असा प्रश्न विचारीत. ज्यास शब्द आला नाही तो परका. बासष्ट माणसे मेली, आणि त्यांतील एकवीस त्याच देशाचे नागरिक निघाले. आमच्या व्यवसायात आम्ही हजारो प्रश्न विचारले. एका शब्दावर उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरविणाऱ्या परीक्षकास आम्ही कधी चांगला म्हटले नाही. येथे तर अनुत्तीर्णास मरण होते. स्वातंत्र्य आले म्हणजे पोट भरते असे नाही, आणि पोट भरले नाही की दोष द्यावयास सर्वांत जवळचा परका सापडतो. कचेरीतला साहेब दूर असतो, झोपडीतला शेजारी हाताशी.

राईनपाड्यानंतर पहिल्या काही दिवसांतच वीसहून अधिक लोकांस अटक झाली. त्याच महिन्याच्या १७ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हत्यांविषयी निर्णय दिला, की प्रत्येक जिल्ह्यात यासाठी वरिष्ठ पोलीस अधिकारी नेमावा, खटले जलद चालवावे, आणि संसदेने वेगळा कायदा करावा. तो होण्यास सहा वर्षे लागली. १ जुलै २०२४ रोजी नवी भारतीय न्याय संहिता अमलात आली. तिच्या १०३ व्या कलमात पाच किंवा अधिक माणसांनी मिळून जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून केलेल्या खुनास मृत्युदंड वा जन्मठेप सांगितली आहे. तारीख तीच पडली हा योगायोग. पाचाचा आकडाही योगायोगच. 'जन्मस्थान' हा शब्द मात्र आम्ही दोनदा वाचला. मधल्या काळात १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा सारथी अशाच वदंतेने मारले गेले. त्याचा गाजावाजा पुष्कळ झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. राईनपाड्याच्या पाच गोसाव्यांसाठी तितका कोणी आवाज केला नाही. नाथांचे भिक्षेकरी हेही साधूच, पण पालांत राहणाऱ्यांची दखल घ्यावयास आम्हांस वेळ लागतो.

आम्ही राईनपाड्यास पोचलो तेव्हा दुपार होती. त्या दिवशी बाजार नव्हता. सागाची झाडे, कौलारू घरे, शाळेतून पाढ्यांचा आवाज. कोणत्याही पाड्यासारखा पाडा. ती खोली दाखवा, असे आम्ही म्हटले नाही. विद्यार्थ्याने सांगितले, की त्या घटनेनंतर कितीएक दिवस गाव रिकामे पडले होते. कर्ते पुरुष जंगलांत, नातेवाइकांकडे पळाले; घरी म्हातारी आणि गुरे राहिली; ऐन पेरणीचे दिवस, शेते पडून राहिली. मारणारांत कोण होता आणि नुसता बाजारास आलेला कोण, हे पोलिसांस कळेपर्यंत सगळेच परागंदा. पाच घरे मंगळवेढ्याकडे उघडी पडली, आणि एक गाव येथे उठले. आमच्या कुटुंबाने त्यास विचारले, "गोसावी आता येतात का रे या बाजूस?"

"पूर्वी पावसाच्या आधी यायचे, काकू. डौर ऐकू आला की पोरे धावायची," तो म्हणाला. "आता मी तरी पाहिले नाहीत. आले तर आधी पोलीस ठाण्यात नाव लिहून येतात म्हणे."

संध्याकाळी पिंपळनेरच्या नाक्यावर मोटारीची वाट पाहत उभे होतो. दिवाळी झाली होती. ऊसतोडीचा हंगाम लागला होता. दोन मालमोटारी माणसांनी भरत होत्या. कोयते, पातेली, गोधड्या, कोंबड्या, एका बाईच्या कडेवर तान्हे मूल. आसपासच्या पाड्यांतील ही कुटुंबे दर वर्षी दक्षिण गुजरातेतील साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. तिकडे शेताच्या बांधावर पाले ठोकून राहतात, आणि तिकडचे लोक त्यांस नावाने न ओळखता 'कोयता' एवढेच म्हणतात. आमच्या कुटुंबाने त्या बाईस विचारले, "कोणत्या गावी जाणार?" तिला ते सांगता आले नाही, मुकादमास ठाऊक, म्हणाली. मुकादमाने डोकी मोजली, फळी वर ओढून खिळा घातला, आणि गाड्या चरणमाळच्या घाटाकडे निघाल्या.